मधला दिवस

दोन हजार बारा साल होतं. बाईंना ते साल अजून नक्की आठवतं, कारण त्याच वर्षी त्यांच्यामागे 'मोठ्या' हा शब्द लागला. त्याआधीची बावीस वर्षं त्या नुसत्या 'बाई' होत्या. हॉस्पिटलात तशा पुष्कळ बाया होत्या, रजिस्टरवाल्या होत्या, जेवणाच्या गाडीवरच्या होत्या, पण 'बाईंकडे जाऊन या' म्हटलं की पेशंट कुणाला न विचारता दुसऱ्या मजल्याच्या टोकाला असलेल्या अंधाऱ्या खोलीत यायचा, शर्ट काढून डाव्या कुशीवर वळायचा आणि बाई छातीवर जेली लावून, एकोचा प्रोब टेकवून, त्याच्या बरगड्यांच्या फटीतून त्याचं हृदय पडद्यावर बघायच्या. मग तळघरात एमआरआयचं नवं यंत्र आलं. ते चालवायला जिला नेमलं ती बाईंच्याच हाताखाली दोन वर्षं एको शिकून पुढे गेलेली पोर निघाली, आणि कुणीतरी, बहुधा लिफ्टवाल्यानं, सोयीसाठी तिला 'धाकट्या बाई' म्हणायला सुरुवात केली. घरात धाकटी आली की आधीची आपोआप मोठी होते, त्यात कुणाचा दोष नसतो. बाईंना हे पटत होतं. तरीही लिफ्टमध्ये 'मोठ्या बाई, दुसरा ना?' असं ऐकलं की त्यांना वाटायचं, उद्यापासून जिन्यानं यावं.

आणि त्याच वर्षी किडनीच्या डॉक्टरांनी ती तुलना काढली. डायलिसिसवरच्या माणसाची गेलेली असते किडनी, पण दगा देतं बहुतेक वेळा हृदय. म्हणून ते हृदय वरचेवर मोजावं लागतं. त्याचं खरं माप कोण देतं, वरचा एको की खालचा एमआरआय, हे एकदा बघूनच टाकू, असं डॉक्टर म्हणाले. तीस पेशंट निवडले. प्रत्येकाचं दोन्हीकडे माप, आठवड्याच्या आत. वरचीनं खालचीचे आकडे बघायचे नाहीत, खालचीनं वरचीचे नाहीत, दोघींनी आपापला फॉर्म पाकिटात घालून, चिकटवून डॉक्टरांच्या कपाटात ठेवायचा. डॉक्टरांच्या लेखी ही दोन यंत्रांची तुलना होती. बाई 'हो' म्हणाल्या, फॉर्मचा नमुनाही त्यांनीच करून दिला. पण त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. त्यांचे यजमान रिटायर होऊन घरी बसले होते, त्यांचं लक्ष वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यात असायचं असा सगळ्यांचा समज होता. ते मान वर न करता म्हणाले, "दोन घासांवर ताट सरकवलंस. कुणाचं बरं चाललंय एवढं?"

त्या फॉर्मवर एक ओळ बाईंच्या अभिमानाची होती. डायलिसिसवरच्या माणसाला लघवी होत नाही, प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, यंत्र ते काढून टाकतं. काढल्या काढल्या माणूस पिळलेल्या कपड्यासारखा होतो. आणि शुक्रवारनंतर दोन दिवस खंड पडतो म्हणून सोमवारी सकाळी येताना तो टम्म भरलेला असतो. दोन्ही वेळी हृदय आपलं खरं रूप दाखवत नाही. ते दिसतं मधल्या दिवशी, मंगळवारी किंवा गुरुवारी. हा नियम बाईंनी इथे बसवला होता, डॉक्टरांशी भांडून बसवला होता, कारण पेशंट सोमवारी तसाही येतो तर तेव्हाच उरकून टाका असं सगळ्यांचं म्हणणं असायचं. तो नियम त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की नव्या फॉर्मवर 'तपासणीचा दिवस' या रकान्यापुढे त्यांनी 'मधला दिवस' हे छापूनच घेतलं होतं. तीस वेळा लिहीत कोण बसणार.

तर शुक्रवारची दुपार होती. पुढच्या आठवड्याच्या वेळा द्यायला बाई डायलिसिसच्या हॉलमध्ये गेल्या. दोन्ही भिंतींना लागून दहा खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी यंत्राची फिरती चाकं, आणि खिडकीजवळच्या चौथ्या खुर्चीत मास्टर. मास्टर शिंपी होते. पन्नाशीचे, काटकुळे, गेली आठ वर्षं त्या खुर्चीत बसून त्यांनी सबंध हॉलला टोपणनावं दिली होती. आठ वर्षांत वीसेक वेळा ते बाईंकडे एकोला आले असतील. दरवेळी कुशीवर वळताना म्हणायचे, "घ्या माप. शिंप्याचं माप घेणाऱ्या तुम्ही एकट्याच." एकदा त्यांनी बाईंना त्यांच्या धंद्यातली गोम सांगितली होती: जेवून आलेल्या गिऱ्हाईकाचं माप घ्यायचं नाही, त्याला सरळ उद्या रिकाम्या पोटी ये म्हणायचं, नाहीतर पँट जन्मभर कमरेवरून उतरत राहते आणि शिव्या खातो शिंपी. बाई तेव्हा किती हसल्या होत्या. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर त्या माणसाचं हृदय उघडमीट करत होतं आणि त्यांच्या हसण्यानं प्रोब हलून चित्र पुसलं गेलं होतं.

त्या शुक्रवारी मात्र बाई जवळ पोचायच्या आतच मास्टरांचा आवाज आला. ते शेजारच्या खुर्चीतल्या रिटायर्ड पोस्टमनला तळघराची हकिकत सांगत होते. त्यांचं एमआरआय येत्या मंगळवारी ठरलं होतं, पण कालच ते खाली जाऊन खोली बघून आले होते. खालच्या पोरीनं त्यांच्या कॉलरमधून तीन टाचण्या काढल्या, तिथे लोखंडाचा कण चालत नाही म्हणे. आणि पांघरूण काय, गरम कपाटातून काढून देतात, आताच इस्त्री केल्यासारखं. मग त्यांना बाई दिसल्या. "मोठ्या बाई, रागावू नका," मास्टर म्हणाले, "पण तुमची ती जेली फार थंड असते हो. आठ वर्षं सांगीन सांगीन म्हणतोय."

पोस्टमन हसला. बाईही हसल्या. वेळा लिहायची वही त्यांनी छातीशी धरली होती, ती तशीच धरून त्या वर आल्या आणि अंधारात स्टुलावर बसल्या. जेली थंड. पूर्वी त्या जेलीची बाटली गरम पाण्याच्या वाडग्यात उभी करून ठेवायच्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी वाडगा घरून आणला होता, निळ्या काठाचा. तो कधी फुटला? फुटला की कुणी नेला? आणि तो गेल्यावर दुसरा का आणला नाही? त्यांना आठवेना. आठवली ती पोर. शिकायला आली तेव्हा बावीस वर्षांची होती, मनगटं इतकी बारीक की प्रोब तिच्या हातात जड वाटायचा. पेशंटला दम धरायला सांगताना बाई म्हणायच्या, 'घ्या श्वास, सोडा, आणि आता जसे आहात तसेच राहा.' पोरीनं ते जसंच्या तसं उचललं होतं, स्वराच्या चढउतारासकट. आता तळघरात, त्या बोगद्यात पडलेल्या माणसाच्या कानात माइकवरून तेच शब्द जात असणार. माझे शब्द, माझा स्वर, आणि वर गरम पांघरूण. बाईंनी वही पालथी टाकली. हे असं त्यांना लहानपणी व्हायचं. त्यांची धाकटी बहीण शाळेत जायला लागली तेव्हा तिची शाळा लवकरची म्हणून आई तिची वेणी आधी घालायला लागली. मागच्या पायरीवर आई बसायची, दोन गुडघ्यांच्या मध्ये धाकटी, आणि बाई दारात उभ्या, केस मोकळे, वाट बघत. पाचसहा दिवस सोसलं. मग एके दिवशी त्या सगळ्यांच्या आधी उठल्या आणि आई कणीक मळत होती तिथे जाऊन तिच्यासमोर पाठ करून बसल्या. थांब, हात धुऊ दे, आई म्हणाली. त्या थांबेनात. तेव्हा आईनं तशाच हातांनी वेणी घातली. शाळेत दिवसभर मुली त्यांच्या केसांतून वाळलेली कणीक वेचत होत्या. पहिला नंबर लावून मिळालं काय, आई संध्याकाळी म्हणाली, पीठ.

हे सगळं आठवत असतानाच बाईंनी फोन उचलला आणि हॉलमध्ये सिस्टरला सांगितलं की मास्टरांना सोमवारी सकाळी सातला, डायलिसिसच्या आधी, वर पाठवा. सिस्टरनं विचारलं, सोमवारी? बाई म्हणाल्या, मंगळवारी त्यांना खाली जायचंय, गुरुवारी परत हेलपाटा कशाला. ऐकायला किती समजूतदार वाटत होतं ते.

सोमवारी मास्टर आले ते धापा टाकत. रविवारी बहिणीकडे जेवायला गेले होते, तिथे कलिंगड कापलं होतं, म्हणाले, एक फोड खाल्ली की बाकीच्या हाका मारतात. बाईंनी त्यांना पायमोजे काढायला सांगितलं नव्हतं, पण त्यांनी सवयीनं काढले. नडगीवर पायमोज्याच्या काठाचा वळ होता, सुतळी आवळून बांधावी तसा खोल. बाईंनी तो पाहिला. हे नंतर कितीही फिरवून आठवलं तरी बदलत नाही: त्यांनी तो पाहिला. फार वर्षांपूर्वी, एकोचं यंत्र या हॉस्पिटलात नवं आलं तेव्हा, इथे एक म्हातारे डॉक्टर होते. यंत्राकडे ते शेजाऱ्याच्या नव्या गाडीकडे बघावं तसे बघायचे आणि तरुण बाईंना दर पेशंटच्या वेळी एकच विचारायचे, "बोट दाबून पाहिलंस का?" नडगीवर अंगठा दाबायचा, खळगा पडतो का बघायचा, पडला की समजायचं पाणी भरलंय. बाईंना तेव्हा त्यांची कीव यायची. एवढं यंत्र समोर असताना हा माणूस अंगठ्याचं काय सांगतोय. जळतो बिचारा, असं त्यांनी घरी सांगितलेलंही आठवतं. त्या सोमवारी वळ दिसल्यावर त्यांना म्हातारे डॉक्टर आठवले आणि त्यांनी ती आठवण, माशी वारावी तशी, वारली. खोलीत अंधार केला. जेली थंडच होती. पडद्यावर मास्टरांचं हृदय आलं, फुगलेलं, सुस्त, गर्दीत अडकलेल्या माणसासारखं जागच्या जागी हलणारं. पंपिंग छत्तीस टक्के. बाईंनी तीनदा मोजलं, तीनदा छत्तीस. हात त्यांचा खरोखरच चांगला होता. फॉर्म भरला. 'तपासणीचा दिवस' या रकान्यात 'मधला दिवस' छापलेलंच होतं. ते खोडायला पेन उचलावं लागलं असतं. त्यांनी फॉर्म पाकिटात घातला, पाकिटाच्या कडेवरून जीभ फिरवली, आणि तो गोंदाचा गोडसर कडू स्वाद त्यांच्या तोंडात दुपारपर्यंत राहिला.

पाकिटं खरं म्हणजे तीस पुरी झाल्यावर उघडायची होती. पण मास्टरांच्या धाकट्या बहिणीनं त्यांना किडनी द्यायचं कबूल केलं होतं. ती लाँड्रीत इस्त्री करायची, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी बाई, दोन महिने काम सांभाळून तिनं सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. ऑपरेशनला परवानगी देणारी समिती शनिवारी बसणार होती आणि त्यांना हृदयाचा आकडा हवा होता. चाळीसच्या खाली पंपिंग असेल तर इतकं मोठं ऑपरेशन ते करत नसत. म्हणून डॉक्टरांनी बुधवारी मास्टरांची दोन्ही पाकिटं उघडली आणि दोघींना बोलावलं. वरचा आकडा छत्तीस, खालचा अठ्ठेचाळीस. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. पुढे जे झालं त्याची बाईंनी अपेक्षाच केली नव्हती. डॉक्टरांनी बाईंचा कागद वर ठेवला. म्हणाले, डायलिसिसच्या पेशंटला एमआरआयचं औषध टोचता येत नाही, टोचलं तर त्याची कातडी आवळून कडक होते, म्हणून तिथे फोटो औषधाशिवाय काढावे लागतात, त्यात भिंतीची कड ठरवताना चूक होऊ शकते. मग ते पोरीकडे वळले आणि तिला तिच्या रेघा पुन्हा तपासायला सांगितल्या. सौम्यपणे सांगितलं. आणि शेवटी, जाता जाता, "बावीस वर्षांत यांचा आकडा मला फसवून गेलेला नाही."

बाईंना वाटलं होतं, असं काही कधी ऐकायला मिळालं तर आपल्याला केवढा आनंद होईल. झालाही. जिन्यानं वर जाताना पहिल्या मजल्यापर्यंत तो टिकला. वळणावर बाकावर मास्टरांची बहीण बसली होती, मांडीवर रिपोर्टांची फाइल, फाइलीला रबर. ती उठून उभी राहिली. तिला कुणीतरी आताच सांगितलं होतं की बहुतेक जमणार नाही, भावाचं हृदय कमजोर आहे, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ती बाईंना म्हणाली, "तुम्ही नीट बघितलं असेलच. तो म्हणतो, बाई बघतात म्हणजे झालं." एवढं बोलून ती खाली बसली आणि रबर काढून परत लावू लागली. तिच्या उजव्या पंजावर इस्त्रीच्या जुन्या चटक्याचा डाग होता. सहा महिने. चौथ्या खुर्चीत मास्टरांच्या आधी एक ड्रॉइंगमास्तर बसायचे, त्यांनाही सहा महिने सांगितले होते. हॉलमध्ये खुर्ची रिकामी दिसत नाही कधी. सोमवारी माणूस आला नाही की बुधवारी तिथे दुसरा बसलेला असतो, एवढंच.

दुपारी पोर वर आली. दारातून आत न येता म्हणाली, "बाई, येऊ?" तिनं कधीच 'मोठ्या बाई' म्हटलं नव्हतं हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं. तिला रेघा दाखवायच्या होत्या, आपलं कुठे चुकतंय ते बाईंनी सांगावं म्हणून. त्या दोघी तळघरात गेल्या. तिथला दिवा पांढरा, हवा गार, कोपऱ्यात पांघरुणांचं गरम कपाट, काचेचं. बाईंनी मुद्दाम त्याकडे पाठ केली. मग पोरीनं पडद्यावर मास्टरांचं हृदय लावलं आणि बाई तोंडाला हात लावून उभ्या राहिल्या. बावीस वर्षं त्यांनी हृदय पाहिलं होतं ते बंद दाराच्या फटीतून पाहावं तसं, एक तुकडा आता, एक तुकडा मग, मध्ये बरगडी, मध्ये फुप्फुस, बाकीचं अनुभवानं जोडून घ्यायचं. इथे दार सताड उघडं होतं. सबंध हृदय, कडांसकट, शांतपणे फिरवून दाखवत होतं यंत्र. हे असं असतं होय, बाईंच्या मनात आलं, आणि त्यामागून लगेच, दुसऱ्याच क्षणी, हिला हे रोज दिसतं. सवतीच्या घरात शिरून तिची भांडी बघणाऱ्या बाईसारखं त्यांना वाटलं. पोर एकेक थर पुढे करत होती आणि भिंतीच्या कडेवरून तिनं ओढलेली पिवळी रेघ दाखवत होती. रेघ निर्दोष होती. बाईंना एका नजरेत कळलं. मनगटं तशीच बारीक होती, पण हात आता भरला होता.

"थोडी बाहेरून धरलीस का इथे?" बाई म्हणाल्या. "थोडी आत घेऊन बघ."

पोर वाकून बघू लागली. "मला नाही वाटत. पण तुम्ही म्हणताय तर पुन्हा काढते सगळं."

हे मात्र छापून आलेलं नव्हतं. हे बाईंच्या तोंडून, त्यांच्या स्वतःच्या आवाजात गेलं होतं. बाई वर आल्या, खोलीतला दिवा लावला, मग घालवला. घरी जाताना त्या एक स्टॉप पुढे गेल्या आणि चालत मागे आल्या. यजमानांनी विचारलं तर काय सांगायचं याची जुळवाजुळव त्यांनी वाटेत केली होती, पण त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं ताट वाढून समोर ठेवलं. त्या चांगुलपणाचा बाईंना राग आला. कुणावर तरी राग काढता आला असता तर बरं झालं असतं. मास्टरांना दोषी धरून पाहिलं: कशाला खाल्लं कलिंगड, आठ वर्षांत अक्कल येऊ नये? डॉक्टरांना धरून पाहिलं: आकडा इतका लांब गेला तर दिवस विचारायला नको? पोरीला धरून पाहिलं, पण ती हाताला लागेना. सगळं फिरून त्या वळाशी येत होतं. सुतळीसारखा खोल, गोलाकार, तांबूस. आणि अंगठा. म्हातारे डॉक्टर रिटायर झाले तेव्हा निरोपसमारंभाला बाई गेल्या नव्हत्या, काहीतरी काम काढलं होतं. त्यांनी जाताना बाईंसाठी काही ठेवलं होतं का, काही म्हणाले होते का, हे विचारायचंही राहून गेलं. पुढे कळलं की गावी त्यांची नजर गेली, आणि तरीही शेजारीपाजारी येऊन पाय दाखवून जायचे, आंधळ्या माणसाला.

गुरुवारी सकाळी बाईंनी घरून एक वाडगा घेतला, पिवळा, काठ उडालेला. हॉलमधल्या सिस्टरकडून वजनांची वही मागून पाहिली. सोमवारी डायलिसिसमध्ये मास्टरांच्या अंगातून साडेचार लिटर पाणी काढलं होतं. साडेचार. बुधवारी दोन. मग दुकानात निरोप पाठवून त्यांनी मास्टरांना बोलावून घेतलं. ते आले, गळ्यात टेप तशीच, चेहरा उतरलेला, पण पायरीवरूनच म्हणाले, "काय, कापडात कापड कमी पडलं का?" बाईंनी आधी त्यांना बसवलं, पायमोजा खाली केला, नडगीवर अंगठा दाबला, मनात दहा मोजले, उचलला. खळगा नव्हता. मास्टर बघत होते. म्हणाले, हे तुम्ही कधी करत नव्हता. जेलीची बाटली वाडग्यात उभी होती. छातीवर जेली लागली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. आणि पडद्यावर हृदय आलं, तेच, पण गर्दीतून बाहेर पडलेलं. बाई म्हणाल्या, घ्या श्वास, सोडा, आणि आता जसे आहात तसेच राहा. सेहेचाळीस टक्के. पुन्हा मोजलं, सेहेचाळीस.

मास्टर शर्टाची बटणं लावत होते तेव्हा बाईंनी त्यांना सांगितलं. सोमवारी मी तुमचं माप जेवणावर घेतलं होतं. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी गळ्यातली टेप काढली, बोटाभोवती गुंडाळली, परत सोडली. रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "गिऱ्हाईक घाई करतं, आपण करायची नसते." आणि गेले. त्या वाक्यातली थंडी बाईंना पुढे कितीतरी दिवस पुरली.

डॉक्टरांच्या खोलीत पोर आधीच उभी होती, हातात तिचा फॉर्म. बाईंना बघून ती गडबडली. त्या काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बाई, मी तीनदा काढली. रेघ तिथेच येते. तुमच्यासाठी आत घ्यायला गेले, पण हात जाईना. दिसतं ते मोजायचं, हवं ते नाही, असं तुम्हीच सांगायचात." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, भीतीचं. एकोत दोन वर्षं तिला जे शब्द बाईंनी रोज सुनावले ते तिनं असे समोर ठेवले, घडी न मोडलेले. त्या क्षणी, खरं सांगायचं तर, बाईंना तिचा जितका हेवा वाटला तितका त्याआधी कधीच वाटला नव्हता. यंत्राचा नव्हे, पांघरुणाचा नव्हे. हिच्या हातून ते होईना याचा.

"तिची रेघ बरोबर आहे," बाई डॉक्टरांना म्हणाल्या. "माझा एको सोमवारचा होता. डायलिसिसच्या आधीचा. हा आजचा." आणि दुसरा कागद पुढे केला. त्यावरचं 'मधला दिवस' त्यांनी खोडलं होतं आणि शेजारी पुन्हा हातानं लिहिलं होतं, मधला दिवस, गुरुवार.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "सोमवारी? तुम्ही?"

"हो."

"का?"

बाईंनी पोरीकडे पाहिलं. "मला आधी घ्यायचं होतं."

डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी वेळ वाचवण्याबद्दल काहीतरी गृहीत धरलं आणि तसंच त्यांच्या नोंदीत लिहिलं. पोरीला मात्र कळलं. तिनं मान खाली घातली आणि जणू तिचीच चूक सापडली असावी तशी कानापर्यंत लाल झाली.

समितीनं शनिवारी परवानगी दिली. मास्टरांना बहिणीची किडनी बसली आणि ते पुढे नऊ वर्षं जगले, त्यातली आठ चांगली. हॉलकडे फिरकले नाहीत, पण दर वर्षी बाईंचा पांढरा कोट शिवून पाठवत राहिले, निरोपाशिवाय, अंगाला बेतशीर. बहीण अजून आहे, लाँड्री आता तिची स्वतःची आहे. डॉक्टरांची तुलना पुढे छापून आली. त्यात मास्टरांचा पहिला आकडा गाळला होता, तळटीप न देता, आणि नावांच्या यादीत पोरीचं नाव तिसरं होतं. बाईंचं शेवटी, बारीक अक्षरात, आभारांत होतं. निष्कर्ष असा निघाला की पाणी उतरलेलं असेल तेव्हा दोन्ही मापं जवळ येतात, पण कड स्वच्छ दिसते ती खालीच. बाईंनी तो लेख दोनदा वाचला, दुसऱ्यांदा एखादी चूक सापडते का म्हणून. सापडली नाही. रिटायर झाल्या तेव्हा वाडगा खोलीतच ठेवून आल्या. यजमान त्यानंतर तीन वर्षांनी गेले, उशाशी अर्धं कोडं होतं, ते बाईंनी सोडवलं नाही आणि टाकलंही नाही.

पोर आता पन्नाशीकडे झुकली आहे, दुसऱ्या शहरात मोठ्या विभागाची प्रमुख आहे, आणि वर्षातून एकदा तरी फोन करते. परवा केला होता. सांगत होती, बाई, आता रेघ ओढावीच लागत नाही, यंत्र आपली आपण काढतं, आठ सेकंदांत, माझ्यापेक्षा बारीक. नवी मुलं तर माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. ती हसत होती, पण आवाज कुठेतरी चिरला होता. खुर्चीत बसल्या बसल्या बाईंना बरं वाटलं. आतून, अगदी तळापासून बरं वाटलं, उन्हात पाय टाकून बसावं तसं. मग लाज वाटली, पण ती नंतर.

"पाय बघतेस ना गं अजून?" बाईंनी विचारलं. "अंगठा दाबून?"

पलीकडे तिनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बघते," ती म्हणाली. "आणि मुलं हसतात."

"हसू दे," बाई म्हणाल्या.